एसईओ कुणाला द्यावं: हमीवाल्यांना की बिनहमीवाल्यांना?

मोसंबीच्या रोपवाटिकेला वेबसाइट कशाला, असं जालन्यात अजूनही पुष्कळ जण विचारतात. तो वाद इथे नको. वेबसाइट झाली, आता एसईओ, म्हणजे गुगलवर शोधल्यावर आपली साइट वर यावी यासाठीचं काम, कुणाकडे द्यायचं, या टप्प्यावर जे आलेत त्यांच्यासाठी लिहितोय. मी दोन कंपन्या वापरल्या. पहिली अकरा महिने, दुसरी दीड वर्षापासून चालू आहे. नावं दोघांचीही घेत नाही.

पहिली मोठ्या शहरातली. बोलायला गोड, फोन दुसऱ्या रिंगला उचलणार, महिन्याच्या पाच तारखेला रंगीत रिपोर्ट हजर. नव्वद दिवसांत पहिला क्रमांक, तोही लेखी हमीवर. अशी हमी कुणालाच देता येत नाही, असं गुगलनेच आपल्या मदतीच्या पानावर लिहून ठेवलंय, हे मी फार उशिरा वाचलं. दुसरी संभाजीनगरातली, दोन पोरांचं ऑफिस. "चार महिने तर काहीच दिसणार नाही दादा, वर्षही लागंल." वर पैसे थोडे जास्तच.

पहिल्यांच्या रिपोर्टात गुगलवर शोधायच्या बारा शब्दांपुढे हिरवे बाण आणि 'क्रमांक १' असायचं. एकदा आमच्याकडे डोळे भरणारे (म्हणजे कलमं बांधणारे) मामा चहा पीत बसले होते, त्यांना कौतुकाने मोबाइल दाखवला. मामांनी एकेका ओळीवर बोट ठेवत वाचलं आणि म्हणाले, "सगळीकडं आपल्याच रोपवाटिकेचं नाव हाय की. आपलं नाव टाकल्यावर आपणच येणार नं?" शेतकरी शोधतो 'न्यूसेलर मोसंबी रोपे', आणि तिथे आमचा पत्ताच नव्हता. जूनमध्ये साइटवर येणाऱ्यांचा आलेख उभा चढला, त्याचंही श्रेय त्यांनी घेतलं. लागवडीच्या तोंडावर तो चढणारच. जूनशी ताडायचा तर मागचा जून ताडावा, एप्रिल कशाला?

एवढ्यावरही मी बहुधा त्यांच्याकडेच राहिलो असतो. डोकं फिरलं ते सर्च कन्सोलवरून. गुगलची ही फुकटची सोय; लोक काय टाइप करून आपल्यापर्यंत आले ते त्यात दिसतं. माझ्याच साइटचं ते खातं कंपनीच्या ईमेलवर होतं. मला बघू द्या म्हटलं तर, "सर, ती आमची इंटर्नल सिस्टीम आहे." चार महिन्यांत तीन माणसं बदलली, उत्तर तेच. दुकान माझं आणि वही त्यांच्या कपाटात! नशिबाने डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, माझ्या नावावर होतं. भाच्याने त्या डोमेनच्या डीएनएस सेटिंगमध्ये मालकी पटवणारी एक ओळ (टीएक्सटी रेकॉर्ड) टाकली आणि तासाभरात मीही त्या खात्याचा मालक झालो. मागचा सगळा डेटा समोर आला. लिंक्सचं पान उघडलं तर मोसंबीच्या साइटला रमी आणि सट्ट्याच्या साइटवरून लिंका! क्रमांक वाढवायला घेतलेल्या असल्या विकतच्या लिंकांवर गुगलने 2012 मध्येच 'पेंग्विन' अपडेट आणून कात्री लावलेली. त्यानेच आमचं नुकसान झालं असं छातीठोक नाही सांगता येणार, पण मला झोप लागली नाही.

संभाजीनगरच्या पोरांची पहिल्याच दिवशीची अट अशी: "मालक तुम्हीच राहा, आम्हाला नुसतं युजर म्हणून घ्या. काम बंद केलं की काढून टाका." मग विचारलं, गिऱ्हाईक औरंगाबाद टाइप करतं की संभाजीनगर? नाव 2023 मध्ये बदललं, पण कन्सोलमध्ये दोन्ही सापडली, म्हणून पानावरही दोन्ही ठेवली. खुंट (ज्यावर कलम बांधतात ते खालचं रोप) रंगपूर लिंबाचा की जंबेरीचा, हे प्रत्येक जण फोनवर विचारतो; त्यावर माझ्याकडून सगळं वदवून घेऊन एक पान लिहिलं. मोजून ठेवलेलं नाही, पण घनसावंगी, पैठणकडून येणारे आता तेच पान वाचून बोलतात.

ही पोरं फोन वेळेवर उचलत नाहीत. रिपोर्ट म्हणजे चार ओळी, त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मीच काढतो. ज्याला दर आठवड्याला धीर देणारं कुणी हवं असतं, त्याला पहिल्या कंपनीचा थाट कदाचित मानवेलही. आणि याच हंगामाची घाई असेल तर दोघांनाही सोडा, सरळ गुगलवर जाहिरात द्या.

गेल्या आठवड्यात पहिल्या कंपनीतल्या नव्या पोराचा फोन आला. आता साठ दिवसांत पहिला क्रमांक म्हणतो. मी एवढंच विचारलं, सर्च कन्सोलचा मालक कोण राहील? "टीमशी बोलून सांगतो सर," म्हणाला.