जुना सिंथ दुरुस्तीला देण्यापूर्वी : मिडी, फ्लॉपी की इम्युलेटर आणि नाशिक की मुंबई

नाशिकच्या लग्नसराईतले ऑर्केस्ट्रे, नवरात्रातल्या मंडळांचे कार्यक्रम आणि भावगीतांच्या लहान मैफली यांमध्ये पंचवीस-चाळीस वर्षांपूर्वीचे रोलँड, कॉर्ग आणि यामाहाचे सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारे की-बोर्ड) आजही वाजताना दिसतात. नवा की-बोर्ड घेण्याची ऐपत नाही म्हणूनच हे जुने वाद्य टिकले आहे, असे प्रत्येक वेळी नसते. वादकाने वर्षानुवर्षे बसवलेले बासरी, शहनाई, संतूर आणि व्हायोलिनचे टोन त्याच वाद्यात आहेत आणि नव्या वाद्यात ते जसेच्या तसे उतरत नाहीत. अशा वाद्याच्या पट्ट्या अडखळू लागल्या किंवा पडद्यावर बॅटरी संपत आल्याची सूचना झळकू लागली, की मालकापुढे दोन प्रश्न उभे राहतात : आतला डेटा कोणत्या मार्गाने बाहेर काढावा आणि दुरुस्ती कोणाकडून करून घ्यावी. बहुतेक जण दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतात. माझ्या मते पहिला प्रश्न सुटेपर्यंत वाद्याचा एकही स्क्रू ढिला करू नये, कारण दुरुस्तीच्या टेबलावर सर्वांत आधी बळी जातो तो याच डेटाचा.

त्याचे कारण वाद्याच्या रचनेत आहे. १९८० आणि १९९० च्या दशकांतील बहुतेक सिंथमध्ये वापरकर्त्याचे टोन अशा मेमरीत राहतात, जिला वाद्य बंद असतानाही थोडासा विद्युतपुरवठा लागतो आणि तो सर्किट बोर्डावरील ३ व्होल्टचा लिथियम सेल पुरवतो. हा सेल बहुधा सीआर२०३२ जातीचा, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा असतो. तो संपला किंवा काढला की मेमरी कोरी होते. मात्र या नुकसानीची तीव्रता सर्व वाद्यांत सारखी नसते आणि निर्णय घेताना हाच फरक सर्वांत महत्त्वाचा ठरतो. १९८३ चा यामाहा डीएक्स७, १९८७ चा रोलँड डी-५० आणि १९८८ चा कॉर्ग एम१ या वाद्यांमध्ये कारखान्यातून आलेले टोनसुद्धा त्याच मेमरीत असतात. त्यामुळे सेल गेल्यावर डीएक्स७ चे ३२, डी-५० चे ६४ किंवा एम१ चे १०० टोन एका झटक्यात निरर्थक होतात आणि मूळ टोन कार्डावरून, कार्ट्रिजवरून किंवा संगणकावरून पुन्हा भरावे लागतात. याउलट रोलँडच्या एक्सपी-५०, एक्सपी-६० आणि एक्सपी-८० या वाद्यांत कारखान्याचे टोन कायमस्वरूपी मेमरीत असल्यामुळे सेल संपल्यावरही ते वाजतात आणि जातो तो केवळ ‘युजर’ विभाग. हा दिलासा वाटतो तेवढा मोठा नाही, कारण वादकाने स्वतः घडवलेले सगळे नेमके त्याच १२८ जागांमध्ये असते. कारखान्याचे टोन आज ना उद्या कुठूनही मिळतात, आपले मात्र कुठेच मिळत नाहीत.

डेटा बाहेर काढण्याचा पहिला मार्ग मिडीचा, म्हणजे वाद्ये आणि संगणक यांच्यातल्या प्रमाणित जोडणीचा आहे. वाद्याच्या मिडी आउटमधून यूएसबी-मिडी इंटरफेसद्वारे संगणकाकडे सिस्टिम एक्सक्लुझिव्ह संदेश, म्हणजे बोलीभाषेतला ‘सिसेक्स डम्प’, पाठवायचा आणि तो फाइल म्हणून साठवायचा, एवढेच याचे स्वरूप आहे. विंडोजवर मिडी-ऑक्स आणि मॅकवर सिसेक्स लायब्रेरियन हे मोफत प्रोग्रॅम या कामाला पुरतात. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे सुमारे ३,१२५ बाइट असतो. डीएक्स७ च्या ३२ टोनचा डम्प ४,१०४ बाइटचा असल्यामुळे तो सव्वा सेकंदाच्या आसपास पूर्ण होतो. वाद्य उघडावे लागत नाही आणि काही हलवावे लागत नाही, हा या मार्गाचा मोठा फायदा आहे. शिवाय फाइल इतकी लहान असते, की ती स्वतःलाच मेल करून ठेवता येते.

या मार्गातली अडचण इंटरफेसची आहे. ऑनलाइन किंवा मोबाइलच्या दुकानात मिळणाऱ्या सर्वांत स्वस्त यूएसबी-मिडी केबलवर सूर वाजवून पाहिले तर सारे ठीक चालते, परंतु लांब डम्प आला की तिची तात्पुरती साठवण अपुरी पडते आणि मधले बाइट गळतात. फाइल तयार होते, तिचे नावही दिसते, आणि ती अपुरी असल्याचे सेल बदलल्यानंतर उघडकीस येते. म्हणून येथे चार पैसे जास्त मोजून नावाजलेल्या कंपनीचा इंटरफेस घ्यावा किंवा ओळखीच्या रेकॉर्डिंग स्टुडिओतून एका दिवसासाठी मागून आणावा. डम्प आल्यावर फाइल प्रोग्रॅममध्ये उघडून पाहावी. तिची सुरुवात ‘एफ०’ या बाइटने आणि शेवट ‘एफ७’ ने झालेला असावा. सुरुवातीचा लगेच पुढचा बाइट निर्मात्याची खूण सांगतो : रोलँडसाठी ४१, कॉर्गसाठी ४२ आणि यामाहासाठी ४३. त्यानंतर तोच डम्प पुन्हा एकदा घ्यावा आणि दोन्ही फाइलींचा आकार बाइटपर्यंत तंतोतंत जुळतो का, ते पाहावे. आकार जुळला नाही तर त्या केबलवर विसंबून दुरुस्तीला हात घालू नये. डीएक्स७ च्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मिडीच्या पानावर सिस्टिमची माहिती पाठवण्याची परवानगी चालू केल्याशिवाय ते वाद्य काहीच बाहेर सोडत नाही आणि मालकाला उगाच मिडी पोर्ट बिघडल्यासारखे वाटते.

दुसरा मार्ग वाद्याच्याच फ्लॉपीचा किंवा कार्डाचा आहे. सिक्वेन्सर (गाण्याचे ट्रॅक साठवून वाजवणारी सोय) असलेल्या सिंथमध्ये, म्हणजे वर्कस्टेशनमध्ये, तो पूर्वी सर्वांत सोयीचा होता, कारण टोन, गाण्यांचे ट्रॅक आणि सेटिंग एकाच ठिकाणी उतरत. आज मात्र मुख्य साठा म्हणून फ्लॉपीवर भिस्त ठेवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. सोनीने ३.५ इंची फ्लॉपीचे उत्पादन २०११ मध्ये थांबवले आणि बाजारात ‘नवी’ म्हणून मिळणारी फ्लॉपीही आता जुन्या साठ्यातलीच असते. त्यातही कॉर्ग ०१/डब्ल्यू एफडीसारख्या वाद्याला ७२० केबीची फ्लॉपी लागते आणि हाताशी येते ती १.४४ एमबीची. तिचे भोक चिकटपट्टीने बुजवून काम निभावून नेणारे आहेत, पण तशा फ्लॉपीवरचा डेटा कधी दगा देईल याचा भरवसा नाही. पावसाळ्यात ओल धरलेल्या खोलीत राहिलेल्या फ्लॉपीवर बुरशीचे ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नये, कारण डेटा तर जातोच, शिवाय ड्राइव्हचे हेडही खराब होते. ज्यांच्याकडे जुन्या फ्लॉपींचा साठा आहे, त्यांनी संगणकाला यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह जोडून त्या आधी उतरवून घ्याव्यात. रोलँड एक्सपी किंवा कॉर्ग ट्रायटनच्या फ्लॉपी संगणकाच्या परिचयाच्या स्वरूपात असल्यामुळे फाइली सरळ दिसतात. एन्सोनिकच्या वाद्यांच्या किंवा रोलँडच्या एस मालिकेतील सॅम्पलरच्या (रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणाऱ्या यंत्रांच्या) फ्लॉपी मात्र स्वतंत्र स्वरूपाच्या असल्यामुळे अशा वाचल्या जात नाहीत.

तिसरा मार्ग म्हणजे फ्लॉपी ड्राइव्ह काढून तिच्या जागी गोटेकसारखा इम्युलेटर बसवणे. वाद्याला तो फ्लॉपी ड्राइव्हच वाटतो, परंतु डेटा पेन ड्राइव्हवर जातो आणि एका पेन ड्राइव्हवर क्रमांक लावलेल्या शेकडो आभासी फ्लॉपी मावतात. कार्यक्रमाच्या मध्येच बटण दाबून दुसऱ्या क्रमांकावर जाता येते, ही सोय वाजवणाऱ्याच्या दृष्टीने फार मोलाची आहे. पण त्यासाठी वाद्य उघडावे लागते, रिबन केबलच्या पिना जुळतात का हे पाहावे लागते, इम्युलेटरवरचे जंपर (पिना जोडणाऱ्या लहान टोप्या) त्या वाद्याप्रमाणे लावावे लागतात आणि बऱ्याचदा फ्लॅशफ्लॉपी हे मोफत फर्मवेअर (इम्युलेटरच्या आतले सॉफ्टवेअर) भरावे लागते. हे काम सेल बदलण्याआधी करायचे की नंतर, असा प्रश्न असेल तर माझे उत्तर ‘नंतर’ असेच आहे. आधी मिडीने टोन बाहेर काढून ठेवावेत आणि मगच वाद्य उघडावे.

मग निवड कशी करावी? डीएक्स७, डी-५० किंवा एम१ असेल तर मिडीखेरीज दुसऱ्या मार्गाचा विचार करण्याचे कारणच नाही, कारण त्यात फ्लॉपी नाही आणि जुनी मेमरी कार्डे स्वतःच्याच सेलवर जगतात. एक्सपी-५० किंवा एक्सपी-६० केवळ टोनसाठी वापरला जात असेल तरी मिडी पुरेसा आहे. ट्रायटनसारख्या वर्कस्टेशनवर गाण्यांचे तयार ट्रॅक वाजवणाऱ्याने मात्र मिडी आणि इम्युलेटर हे दोन्ही मार्ग वापरावेत. ट्रायटनमध्ये सिक्वेन्सरचे गाणे वाद्य बंद करताच नाहीसे होते, ते सेलवर टिकत नाही. एखाद्या कार्यक्रमात लाइट गेली आणि फ्लॉपी ड्राइव्ह बंद पडलेली असेल, तर त्या रात्रीपुरते ते गाणे संपले.

आता दुरुस्तीचा प्रश्न. सेल बदलणे हे दिसायला क्षुल्लक काम आहे. नव्या सेलची किंमत शंभर रुपयांच्या आसपास असते. परंतु बहुतेक वाद्यांत तो पत्र्याच्या पट्ट्यांसह बोर्डाला सोल्डर केलेला असतो आणि काम बिघडते ते तिथे. पट्ट्यांवर आयर्न फार वेळ टेकवून ठेवला तर बोर्डावरचा तांब्याचा गोल सुटून येतो आणि नुसत्या सेलवरच सोल्डर करण्याचा प्रयत्न केला तर सेल फुटू शकतो. योग्य रीत अशी की जुने सोल्डर पंपाने ओढून घ्यावे, सेल अलगद उचलावा आणि त्या जागी सेल होल्डर बसवावा, म्हणजे पुढच्या वेळी आयर्न लागणारच नाही. होल्डरचे धन टोक बोर्डावरील धन खुणेशीच जुळवावे. सेल निघताना डेटा जाऊ नये म्हणून तारांनी दुसरा सेल समांतर जोडण्याची युक्ती काही कारागीर करतात, पण डम्प हाताशी असेल तर तो जुगार खेळण्याचे काही कारण उरत नाही. वाद्य बंद ठेवून मल्टिमीटरने मोजल्यावर सेल ३ व्होल्टच्या वर असेल तर निश्चिंत राहावे आणि २.८ च्या खाली आला असेल तर बदलण्याची तारीख ठरवावी.

सोल्डरिंगचा सराव असलेल्याने हे काम घरी करायला हरकत नाही. मात्र वाद्याच्या आत २३० व्होल्टचा पॉवर सप्लाय उघडा असतो, त्यामुळे केबल भिंतीतून काढल्याशिवाय झाकण उचलू नये. सराव नसेल तर नाशिकमध्येच कारागीर शोधावा. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे बोर्डावर स्वच्छ सोल्डरिंग करणारे हात या शहरात आहेत. त्यातला एखादा सिंथ कधी उघडलेला नसला तरी सेल, सैल झालेला जॅक, फुगलेला कपॅसिटर, न दबणारे बटण ही कामे तो उत्तम करतो. पट्ट्या मध्येच गप्प बसत असतील किंवा एकदम मोठ्याने वाजत असतील, तर बहुधा त्यांच्याखालच्या रबरी पट्टीवर धूळ बसलेली असते आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने काळजीपूर्वक पुसल्यावर ती ठीक होते.

मुंबईचा रस्ता धरावा तो वेगळ्या कारणासाठी. पडद्यामागचा प्रकाश गेला असेल, मूळ रबरी पट्टीच फाटली असेल किंवा आवाज निर्माण करणारी खास चिप गेल्याचा संशय असेल, तर लॅमिंग्टन रोडचा बाजार आणि फक्त वाद्येच दुरुस्त करणारे तंत्रज्ञ यांची गाठ मुंबईतच पडते. साधारण पावणेदोनशे किलोमीटरचा प्रवास, कसारा घाट आणि टेम्पोतले हादरे लक्षात घेता वाद्य हार्ड केसमध्ये, पट्ट्या वर ठेवून न्यावे. रोलँड जेडी-८०० आणि एक्सपी-८० यांच्या बाबतीत तर ही दक्षता अधिकच हवी. त्यांच्या पट्ट्यांमधली वजने चिकटवणारा लाल गोंद कालांतराने पातळ होऊन खाली ओघळतो. उन्हाळ्यात वाद्य उभे करून ठेवले, तर तो कुठवर जाईल हे सांगता येत नाही. हे काम वेळखाऊ आहे आणि पट्टी पट्टी वेगळी करून करावे लागते. त्यामुळे त्याचा खर्च आधी विचारावा आणि वाद्याच्या किमतीशी ताडून पाहावा. जपानहून आलेले जुने वाद्य असेल, तर त्याच्या मागील पाटीवर १०० व्होल्ट लिहिले आहे का हेही कारागिराला दाखवावे. तसे असल्यास स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय ते आपल्या विजेवर लावताच येत नाही.

दुरुस्ती न करता वाद्य काढून टाकण्याचा विचार असेल तरी डम्प घ्यावाच. डीएक्स७ ची फाइल डेक्स्ड या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडून तेच टोन संगणकावर वाजवता येतात. जेडी-८०० ला लाल गोंद लागला असेल आणि सोबत चिपही गेली असेल तर मी दुरुस्तीचा आग्रह धरणार नाही. नुसत्या सेलसाठी मात्र एम१ किंवा एक्सपी-६० भंगारात देणे अनाठायी आहे. कोणत्याही स्थितीत हे काम दिवाळीनंतरच्या लग्नसराईच्या तोंडावर काढू नये, कारण तेव्हा सुपाऱ्या ठरलेल्या असतात आणि चांगल्या कारागिराकडे रांग लागलेली असते. जुलै-ऑगस्टमध्ये दोघांनाही वेळ असतो.

वाद्य परत आल्यावर मेमरी प्रोटेक्ट (मेमरीत बदल होऊ न देणारी सेटिंग) बंद करून डम्प संगणकावरून उलट पाठवावा. मिडी-ऑक्समध्ये प्रत्येक संदेशानंतर थोडा विराम ठेवण्याची सोय आहे, ती चालू ठेवावी, कारण जुनी वाद्ये एकदम आलेला ओघ पचवू शकत नाहीत. टोन वाजून पाहिल्यावर वाद्य बंद करून केबल भिंतीतून काढावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करावे. तेव्हाही टोन जागेवर असतील तरच सेल नीट बसला असे मानावे आणि कारागिराचे उरलेले पैसे द्यावेत.