भंगारवाला की घंटागाडी? सोलापुरात सुका कचरा कुणाला द्यावा

दारावर ओरडत येणारा भंगारवाला, महापालिकेची घंटागाडी, किंवा पिशवी गाडीला अडकवून स्वतः भंगाराचं दुकान गाठणं. सोलापुरात घरातला सुका कचरा बाहेर पडायला या तीन वाटा. यातली एकच धरायची ठरवलीत तर कुठेतरी नुकसान होतंच, पैशाचं तरी किंवा मालाचं तरी. माझा हिशेब असा: ज्याला भाव आहे ते भंगारात, ज्याला नाही ते घंटागाडीत.

भाव कशाला आहे? रद्दी, पुठ्ठा, लोखंड, पत्रा, जर्मलची म्हणजे अॅल्युमिनियमची पातेली, पाण्याच्या बाटल्या, जाड प्लास्टिकचे डबे-बादल्या. तांब्या-पितळेचं तर विचारायलाच नको. भंगाराच्या धंद्यात निवडण्यावरच कमाई असते, त्यामुळे माल हातगाडीवरून दुकानात आणि तिथून मोठ्या व्यापाऱ्याकडे जाईपर्यंत आणखी बारीक वेगळा होत जातो. पाण्याच्या बाटल्यांचा चुरा होऊन त्यातून पॉलिस्टरचा धागाही निघतो; कापडाच्या गावाला हे सांगायला नकोच. तोच पुठ्ठा घंटागाडीत आमटी-भातासोबत गेला की भिजतो आणि त्याचा कागद होण्याची शक्यता जवळपास संपते.

दारावरच्या भंगारवाल्याची भानगड एकच, काटा. हातातल्या स्प्रिंगच्या काट्यावर माझा तरी फार विश्वास नाही. घरच्या काट्यावर आधी वजन करून ठेवा आणि ते त्याला सांगा. भांडण न होता हिशेब जुळतो. दुकानात भाव बहुधा थोडा बरा मिळतो, कारण मधल्या माणसाचं कमिशन नसतं. पण चार किलो रद्दीसाठी पेट्रोल जाळणं हा शहाणपणा नाही. दिवाळीची साफसफाई, परीक्षा संपल्यावरच्या वह्या, घरातलं जुनं पितळ, एवढ्यासाठी दुकान. पितळेला मात्र दोन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय देऊ नका.

घंटागाडीच्या वाट्याला उरतं ते कुणालाच नको असलेलं: वेफर्सची पाकिटं, बिस्किटांची वेष्टनं, थर्माकोल, तेलकट पिशव्या. चकचकीत पाकिटात प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सोडवणं परवडत नाही म्हणून भंगारवाला हातही लावत नाही. म्हणून ती मोकळ्या प्लॉटवर पेटवून देऊ नका. फुटकी काच कागदात गुंडाळून द्या, गाडीवरच्या माणसाचे हात कापतात.

गाडीत शेवटी सगळं एकत्रच टाकतात, मग वेगळं कशाला करायचं, हा वाद प्रत्येक सोसायटीत होतो. कागद-बाटल्या भंगारात गेल्या की गाडीत एकत्र व्हायला उरतंच किती? ओल्याचं कारण आणखी वेगळं. तुळजापूर रस्त्यावरच्या कचरा डेपोजवळ ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यातून वीज करण्याचा प्रकल्प उभा राहिला. अशा ठिकाणी प्लास्टिक मिसळलेला ओला कचरा म्हणजे डोकेदुखीच.

दुधाच्या पिशव्या मधल्या. धुतलेल्या, वाळलेल्या असतील तर काही दुकानदार घेतात. आता सोलापुरात, जिथे नळाला रोज पाणी येत नाही, पिशव्यांसाठी चांगलं पाणी कोण ओतणार? तांदूळ धुतलेलं पाणी पुरतं. तेवढंही जमत नसेल तर घंटागाडीत द्या, पण नुसत्या साठवू नका. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच वास सुटतो.

2016 च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका यांच्याशिवाय घरगुती घातक हा तिसरा भाग ठरवला. ट्यूबलाइट, सेल, मुदत संपलेली औषधं त्यात येतात. ही भंगारवाल्याला नको: ट्यूब फुटली की आतला पारा बाहेर येतो. घंटागाडीत देतानाही वेगळ्या पिशवीत, सांगून द्या.

घंटागाडीच्या वेळेला घरी कुणीच नसणाऱ्यांनी शेजाऱ्यांशी किंवा वॉचमनशी बोलून ओल्याची सोय आधी लावावी. सुकं कोरड्या पोत्यात महिनाभरही पडून राहतं.