मूळ पानाच्या आकाराची कॉमिक पुस्तकं: काही महिने वापरल्यानंतर

चित्रकाराने ज्या आकाराच्या कागदावर पान काढलं, त्याच आकारात छापलेली कॉमिक पुस्तकं घ्यावीत का, हा प्रश्न संग्राहकांच्या गप्पांत हमखास निघतो. पुस्तक अवाढव्य, वजनदार, साध्या आवृत्तीपेक्षा कितीतरी महाग. आणि त्यातली गोष्ट बहुतेक वेळा आपल्या कपाटात आधीच असते. गेले काही महिने अशी मोजकी पुस्तकं मी जवळजवळ रोज उघडून बसतो आहे. माझं मत पक्कं झालंय: घ्यावीत. पण गोष्ट वाचायची असेल तर साधी प्रत बरी. ही पुस्तकं घ्यायची ती पान कोणत्या क्रमाने घडलं ते पाहण्यासाठी. आधी काय आलं, त्यावर काय चढलं, शेवटच्या क्षणी काय बदललं, हे सगळं पानावरच असतं आणि नेहमीच्या छपाईत ते पुसलं जातं.

आज हा प्रकार ज्या रूपात ओळखला जातो, ते रूप २०१० मध्ये आलं. संपादक स्कॉट डनबियर यांनी आयडीडब्ल्यू या प्रकाशनासाठी चित्रकार डेव्ह स्टीव्हन्सच्या ‘द रॉकेटीअर’ या कॉमिकची ‘आर्टिस्ट्स एडिशन’ काढली, आणि पुढे इतर प्रकाशकांनीही याच धर्तीवर पुस्तकं आणली. यातली मुख्य युक्ती साधी आहे. मूळ पान काळ्या शाईतलं असलं तरी ते रंगीत स्कॅन करायचं आणि रंगीतच छापायचं. त्यामुळे कागदाचा पिवळेपणा, पेन्सिलीची राखाडी रेघ, पांढऱ्या रंगाने झाकलेली चूक, वाळलेल्या गोंदाचे तपकिरी डाग, सगळं जसंच्या तसं दिसतं. नुसतं मोठं करून छापलेलं कॉमिक आणि हे पुस्तक यांत हा फरक आहे, आणि तो फार मोठा आहे. पांढऱ्याशुभ्र कागदावर शुद्ध काळ्या रेषा छापलेली मोठी पुस्तकंही मिळतात. ती सुंदर असतात, पण त्यांत क्रम दिसत नाही.

सगळ्यात आधी नजरेत भरते ती निळी पेन्सिल. छपाईसाठी पानाचा फोटो काढताना वापरली जाणारी फिल्म फिकट निळ्याला पांढऱ्यासारखंच धरायची. म्हणून कच्चं रेखाटन निळ्या पेन्सिलीने केलं की ते खोडायची गरजच उरत नसे. छापील पानावर ते उमटत नसे. रंगीत स्कॅनमध्ये मात्र ते तसंच्या तसं समोर येतं. शाईची रेघ निळ्या रेघेवरून किती इमानाने गेली आणि कुठे तिने वाट सोडली, हे बघत मी एकेका चौकटीवर बराच वेळ काढतो. हात आधी वर होता, मग खाली आला. डोकं आधी समोर बघत होतं, मग वळलं. छापील प्रतीत आपण फक्त शेवटचा निर्णय बघतो. इथे त्याच्याआधीचे दोन-तीन निर्णयही शेजारीच पडलेले असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे काळे भरलेले भाग. छापील कॉमिकमध्ये काळं म्हणजे सपाट काळं. मूळ पानावर तसं अजिबात नसतं. ब्रशचे फटकारे एकमेकांवर जिथे चढले तिथे काळं दाट, बाकी ठिकाणी विरळ. त्यावरून ब्रश कोणत्या दिशेने फिरला ते कळतं. कुठे घाईने भरलंय आणि कुठे कड सांभाळत हळूहळू भरलंय, तेही कळतं. ज्यांनी मार्करने काळं भरलं त्यांच्या पानांवर काही ठिकाणी ते तपकिरी पडलेलं दिसतं, तर शेजारची इंडिया इंक, म्हणजे काजळीची काळी शाई, अजून तशीच गडद असते. शाई आणि कागद यांच्याबद्दल मी जे थोडंबहुत वाचलं होतं, ते या पानांनी डोळ्यांसमोर आणून ठेवलं.

आता आकाराबद्दल, कारण जाहिरातीत तोच पुढे केलेला असतो. अमेरिकी कॉमिकचं छापील पान साधारण पावणेसात बाय सव्वादहा इंचांचं. १९६७ च्या सुमारापर्यंत बहुतेक चित्रकार त्याच्या जवळपास दुप्पट लांबी-रुंदीत काम करत. चित्राची चौकटच साडेबारा बाय साडेअठरा इंचांच्या आसपास असे. त्यानंतर ती दहा बाय पंधरा इंचांवर आली आणि कागद अकरा बाय सतरा झाला. म्हणजे जुन्या पानाचं क्षेत्रफळ छापील चित्राच्या चौपट, नव्याचं सव्वादोन पट. पुस्तक घेताना हे आकडे फार कामाला येतात. जुन्या काळातल्या पानांचं पुस्तक बारा बाय सतरा इंचांत बसवलेलं असेल तर ते मूळ आकारात नाही, थोडं लहान केलेलं आहे. काही प्रकाशकांनी अशा पानांसाठी पंधरा बाय बावीस इंचांची पुस्तकंही काढली आहेत. चित्रकार वॉली वुडने ईसी या जुन्या अमेरिकी कॉमिक प्रकाशनासाठी काढलेल्या कथांचं तसं एक आहे आणि त्यातली गर्दीची पानं खरोखर पायरीपायरीने चढत जावं तशी बघावी लागतात.

ईसी कॉमिक्सचं नाव आलंच आहे, तर माझा सर्वांत आवडता भाग सांगतो. ईसीच्या बहुतेक कथांमध्ये मजकूर आधी तयार व्हायचा. लेरॉय नावाच्या साच्याच्या साधनाने तो कोऱ्या पानावर चौकटींसकट लिहिला जायचा आणि मग ते पान चित्रकाराकडे जायचं. मोठ्या पानावर हे उघड दिसतं. मजकुराचे जाडजूड ठोकळे वर बसलेत आणि उरलेल्या जागेत चित्रकार आपली माणसं, यंत्रं, सावल्या दाटीवाटीने बसवतोय. तिथे जागेची टंचाई हीच शैली झाली आहे.

याच्या अगदी उलट पद्धत साठच्या दशकात मार्व्हलमध्ये होती. तिथे चित्रकार कथेच्या ढोबळ कल्पनेवरून आधी पूर्ण पान काढायचा आणि संवाद नंतर लिहिले जायचे. चित्रकार जॅक कर्बी पानाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवायचा, या चौकटीत काय चाललंय, कोण काय म्हणतंय. लेखक-संपादक स्टॅन ली ते बघून संवाद लिहायचा. छापताना समास कापला जायचा, म्हणून वाचकाला या टिपणांचा पत्ताच नव्हता. मोठ्या पुस्तकात त्या समासातल्या ओळी वाचता येतात. मी एका हाताशी समासातलं टिपण आणि दुसऱ्या हाताशी छापील संवाद ठेवून कितीतरी पानं वाचली. कुठे दोन्ही जुळतात, तर कुठे संवाद वेगळ्याच दिशेला गेलेला असतो. कथा कुणी रचली यावर जे वाद वर्षानुवर्षं चालत आले आहेत, त्यांत हे समास सरळ पुरावा म्हणून वाचता येतात. माझ्यापुरतं तरी कर्बीचं श्रेय या पानांमुळे कैक पटींनी वाढलं.

मूळ पानावरून क्रम वाचायची ही रीत युरोपातल्या सगळ्या चित्रकारांना मात्र लागू पडत नाही. टिनटिनचा बेल्जियन चित्रकार एर्जे याचं उदाहरण घ्या. त्याची पेन्सिलीची पानं रेघांच्या जंजाळाने भरलेली असत, एकाच हाताच्या पाच-सहा जागा शोधलेल्या. योग्य रेघ सापडली की ती दुसऱ्या कोऱ्या कागदावर उतरवून शाईत केली जायची. त्यामुळे शाईचं पान कमालीचं नितळ असतं आणि त्यावर शोध दिसत नाही. तो दुसऱ्याच कागदावर राहिलेला असतो. एर्जे १९८३ मध्ये गेला तेव्हा टिनटिनची शेवटची कथा अर्धवट राहिली होती, आणि १९८६ मध्ये ‘आल्फ-आर्ट’ हे पुस्तक कच्च्या रेखाटनांच्याच रूपात निघालं. त्याचा हात बघायचा असेल तर ते पुस्तक महागड्या मोठ्या आवृत्तीपेक्षा जास्त देतं. मांगाचंही, म्हणजे जपानी कॉमिकचंही, थोडं वेगळं आहे. तिथे मूळ पान सहसा बी४ आकाराच्या कागदावर काढलेलं आणि छापील खंड त्याहून बराच लहान. छटेसाठी चिकटवलेल्या स्क्रीनटोनच्या (ठिपके छापलेल्या पातळ चिकट कागदाच्या) कापलेल्या कडा स्कॅनमध्ये दिसल्या की हातातलं कटरचं पातं जाणवतं.

स्क्रीनटोनवरून आठवलं, ड्युओशेड नावाचा एक कागद असायचा. त्यावर डोळ्यांना न दिसणारे दोन रेघांचे थर आधीच छापलेले असत. एक द्रावण ब्रशने लावलं की एका दिशेच्या रेघा उमटायच्या. दुसरं लावलं की त्यांना छेद देणाऱ्याही. अमेरिकी चित्रकार रॉय क्रेनने वृत्तपत्रांतल्या चित्रपट्ट्यांत याच तंत्राच्या कागदावर जादू केली आणि १९८४ मध्ये ईस्टमन व लेअर्डच्या निन्जा टर्टल्समध्येही ड्युओशेड आहे. नेहमीच्या छपाईत ही छटा सुबक दिसते. मोठ्या रंगीत पानावर द्रावण कुठवर पसरलं आणि कुठे ओघळलं, ते दिसतं.

वापराच्या बाबतीत सांगायचं तर ही पुस्तकं मांडीवर घेऊन वाचता येत नाहीत. मोकळं टेबल हवंच. शिलाईची बांधणी असेल तर पान सपाट पडतं. नुसत्या डिंकाची असेल तर मधला भाग कण्याकडे ओढला जातो आणि नेमकी आतल्या बाजूच्या समासातली टिपणं दडतात. कागद मॅट असावा. चकचकीत कागदावर दिव्याचा झोत पडतो आणि पेन्सिलीच्या फिकट रेघा त्यात हरवतात. माझ्याकडच्या एका चकचकीत पुस्तकाला मी याच कारणाने फार कमी हात लावतो. हात स्वच्छ धुऊन कोरडे केले की पुरे. सुती हातमोजे घालून पानं उलटू नयेत; बोटांना कागदाचा अंदाज येत नाही आणि कोपरा फाटण्याची भीती वाढते.

भिंगाबद्दल बरेच जण विचारतात. हौसेने घेऊ नका. हे पुस्तक शेवटी चार रंगांच्या ठिपक्यांनीच छापलेलं असतं. एका मर्यादेपलीकडे मोठं करून बघितलं की रेघ नाहीशी होते आणि ठिपके उरतात. पान हातभर अंतरावर ठेवून, सरळ वरून येणाऱ्या उजेडात बघणं सगळ्यात छान.

ठेवायचं कसं, तर आडवंच. उभं ठेवलं की आतल्या पानांचा सगळा भार पुठ्ठ्याच्या बिजागरीवर लटकतो आणि काही महिन्यांतच पाठ सैल होऊ लागते. एकावर एक दोन-तीनपेक्षा जास्त नकोत. थेट ऊन नको, ओल नको. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीची चिंता मिटते. जुन्या न्यूजप्रिंटच्या कॉमिकसारखी यांना मायलर या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीची आणि आम्लविरहित पुठ्ठ्याची गरज नाही, पण त्या कॉमिक या पुस्तकांना चिकटवून ठेवू नयेत. न्यूजप्रिंटमधलं आम्ल शेजारच्या कागदालाही पिवळं पाडतं.

उणिवाही आहेत. रंग नाही, ही सर्वांत मोठी. जुन्या अमेरिकी कॉमिकमध्ये रंगाचं काम पानाच्या लहान प्रतीवर वेगळं व्हायचं, त्यामुळे मूळ पानावर रंग असतच नाही. ज्यांना त्या कॉमिकचे रंग आवडतात त्यांना हे पुस्तक अपुरं वाटेल, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. म्हणून मी छापील प्रत नेहमी शेजारी ठेवतो. आधी ती वाचतो, मग मोठं पान, मग पुन्हा छापील. तिसऱ्या वाचनात रंगाने काय काय झाकलं आणि काय उठावदार केलं, ते पहिल्यांदाच नीट कळतं. दुसरी उणीव नव्या पानांची: नव्वदच्या दशकात अक्षरलेखन संगणकावर गेलं, त्यामुळे त्यानंतरच्या बऱ्याच पानांवर संवादाचे फुगे नाहीत. गोष्ट मुकी होते. तरी चित्र मोकळं दिसतं, हा त्यातला फायदा.

तिसरी गोष्ट संपूर्णतेची. सत्तरच्या दशकापर्यंत अमेरिकी प्रकाशक मूळ पानं सहसा चित्रकारांना परत देत नसत. कितीतरी पानं नष्ट झाली, चोरीला गेली, वाटली गेली, आणि उरलेली जगभरच्या खासगी संग्रहांत विखुरली. संपादकांना एकेक मालक शोधून स्कॅन मिळवावे लागतात. म्हणून काही पुस्तकांत सलग कथा असते आणि काहींत फक्त निवडक सुटी पानं. सुट्या पानांचं पुस्तक वाईट नसतं, पण पहिलं पुस्तक म्हणून घेऊ नका. क्रम समजायला सलग वीस-बावीस पानं लागतात. चित्रकार कुठे दमला, कुठे पुन्हा उभारी धरली, हेही सलग पानांतच दिसतं.

पहिलं पुस्तक निवडताना ज्याची छापील गोष्ट तुम्हाला पाठ आहे असाच चित्रकार घ्या, मग तो कितीही लहान किंवा विसरलेला असो. शक्य तर १९६७ च्या आधीची पानं निवडा, आणि अक्षरं हाताने लिहिलेली असल्याची खात्री करून घ्या. विकणाऱ्याकडून आतल्या दोन-चार पानांचे फोटो मागा आणि त्यांत पानाच्या चारही कडा बघा. समास पूर्ण छापला असेल तर घ्या. चौकटीच्या रेघेला लागून पान कापलेलं असेल तर साधी आवृत्तीच बरी.