ट्रॅमल बार आणि चुंबकी कँबर गेज: जुन्या गाडीसाठी बार हवाच, गेज जरा जपून

विंटेज गाडी पुढचे टायर खायला लागली की ती कॉम्प्युटर अलाइनमेंटवर चढवली जाते. मशीन ढीगभर आकडे दाखवतं, पण एकसंध पुढच्या ॲक्सलवर नुसत्या पान्याने बदलता येतो तो टो, म्हणजे दोन्ही चाकांची तोंडं पुढून किती आत किंवा बाहेर वळलीत ते. कँबर (चाकाचा वरून आत किंवा बाहेर कल) ॲक्सलच्या घडणीतच असतो, आणि कॅस्टरसाठी (चाक ज्या पिनवर वळतं तिचा पुढेमागे कल) स्प्रिंगचे पाटे व ॲक्सल यांच्यात पाचर घालावी लागते. म्हणून अशा गाड्यांना ट्रॅमल बार (दोन उभे काटे असलेली, चाकांमधलं अंतर मोजायची दांडी) आणि चुंबकाने हबला चिकटणारा, बुडबुड्याचा कँबर गेज हा हाताने वापरायचा संच जास्त सोयीचा.

यातला बार कामाचा आहे. माप हबच्या (चाकाच्या मध्याच्या) उंचीवर घ्यायचं असतं आणि चाकांच्या मागच्या बाजूने मोजताना ऑइल सम्प (इंजिनाखालची तेलाची टाकी) आडवा येतो. त्यामुळे बारचे उभे काटे लांब हवेत, पण लांब काटे लवतात. जुन्या जाड बायस टायरवर (तिरप्या धाग्यांच्या थरांचे टायर) टो-इन, म्हणजे चाकं पुढून आत वळलेली, साधारण दीड ते तीन मिलिमीटर ठेवतात (अंतिम शब्द गाडीच्या मॅन्युअलचा). तिथे काटा एक मिलिमीटर लवला तर मापाला अर्थच उरत नाही. एकाच जागी तीनदा माप घ्या. दरवेळी आकडा वेगळा आला तर तो बार परत करा.

रिमच्या कडेवरून मोजू नका, जुनी रिम हमखास डुगडुगते. चाक जॅकवर घ्या, टायरला खडू फासा, स्टँडला खिळा घट्ट बांधा आणि चाक फिरवून बारीक रेघ ओढून घ्या. रिम वाकडी असली तरी ही रेघ खरी असते. मग गाडी खाली उतरवून चाकाच्या एका फेऱ्याइतकी पुढे ढकला. मागे ढकलली तर सांध्यांतला प्ले (ढिलेपणा) उलट्या बाजूला जातो. आता दोन्ही चाकांच्या रेघांमधलं पुढचं आणि मागचं अंतर मोजा. टाय रॉडला (दोन्ही चाकं जोडणारी स्टिअरिंगची दांडी) एकीकडे डावे आणि दुसरीकडे उजवे आटे असतील तर क्लँप सैल करून रॉड फिरवला की झालं. दोन्ही टोकांना सारखेच आटे असतील तर एक टोक सोडावं लागतं.

चुंबकी गेजचं तसं नाही. हबच्या मशीन केलेल्या लोखंडी तोंडावर तो छान बसतो, पण पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या हबला चिकटतच नाही आणि पातळ हबकॅपवर चिकटला तरी खोटं बोलतो. जमीन आधी पाणसळीने तपासून घ्या. कॅस्टरसाठी चाक २० अंश डावीकडे, मग २० अंश उजवीकडे वळवायचं. त्या वेळी टायरखाली एकावर एक दोन पत्रे, त्यांच्यामध्ये ग्रीस लावून, ठेवा, नाहीतर टायर पिळून बुडबुडा सरकतो. पत्र्यांच्या जाडीइतक्या फळ्या मागच्या चाकांखालीही घाला.

पण किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) सैल असेल तर या दोन्ही हत्यारांचे आकडे फुकट. चाक उचला, वरखाली धरून हलवा, मग कुणालातरी ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे. राहिला तर किंगपिन किंवा त्याचे बुश झिजलेत.

टायरच्या झिजेचं निदान तळहातही करतो. टायरवर बाहेरच्या कडेकडून आतल्या कडेकडे हात गुळगुळीत जातो आणि परत येताना करवतीसारखा अडतो, तर टो-इन जास्त. उलट असेल तर टो-आउट (चाकं पुढून बाहेर वळलेली). एकच कड सपाट झिजली असेल तर कँबर बघा. ॲक्सल वाकलेला निघाला तर तो तापवून सरळ करू देऊ नका, पोलादाचं पाणी उतरतं.