आठवणी लिहाव्यात, बोलाव्यात की लिहवून घ्याव्यात?

घरातल्या थोरल्या माणसाच्या आठवणी जपायच्या तर तीन वाटा आहेत: त्यांनी वहीत लिहायचं, आपण मोबाईलवर आवाज टिपून कागदावर उतरवायचं, नाहीतर पैसे देऊन लेखकाकडून शब्दांकन करून घ्यायचं. माझं मत सुरुवातीलाच सांगतो, आधी आवाज टिपा.

वही त्यांच्यासाठी उत्तम, ज्यांचा हात लिहिता आहे. निवृत्त मास्तर, कारकून, रोजनिशी ठेवणारे. काय सांगायचं, काय गाळायचं हे त्यांच्याच हाती राहतं. पण हातात पेन आलं की पुष्कळांची भाषा अर्जासारखी होते: जन्म, शाळा, बदल्या, सत्कार. शिवाय ज्या आजीनं दुधाच्या हिशेबापलीकडे कधी काही लिहिलं नाही, ती या वाटेनं येणारच नाही. आणि वही एकच असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी घरांत शिरलं, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. भरलेल्या पानांचे फोटो लगेच काढून दुसऱ्या गावातल्या नातेवाईकाकडे पाठवून ठेवा.

आवाज टिपायला खर्च जवळजवळ नाही, कष्ट मात्र आहेत. सवय नसलेल्याला तासाभराचं बोलणं उतरवायला पाच-सहा तास सहज लागतात. बोललेलं आपोआप टाईप करणारी सोय इथल्या बोलीला अडखळते. तरी ही वाट मला मोलाची वाटते, कारण प्रश्न विचारता येतो. ‘तुमचं बालपण कसं होतं?’ याला ‘बरं होतं’ एवढंच उत्तर मिळतं. ‘गुऱ्हाळावर काहील (रसाची मोठी कढई) उतरताना तुम्ही कुठं उभे असायचा? गुळव्या (गूळ करणारा) कोण होता?’ असं विचारलं की माणूस खुलतो. नव्वदीतल्या माणसाला १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान विलीन झालं तेव्हा घरात काय बोलणं झालं, हे विचारा. साठच्या दशकातलं खासबाग कुस्ती मैदान विचारा. पंखा बंद, फोन जवळ, सुरुवातीला नाव आणि तारीख बोलून घ्या, अर्ध्या-पाऊण तासात थांबा. उतरवताना आजीचं ‘मी जोतिबाला गेलतो’ हे ‘गेले होते’ करू नका. इथल्या कितीतरी बायका अशाच बोलतात. ते पुसलं तर कागदावर आजी उरत नाही.

शब्दांकन कधी घ्यावं? आयुष्य सार्वजनिक असेल तेव्हा: कुस्तीची तालीम, सहकार, चित्रपट, चळवळ. तिथं जुनी वर्तमानपत्रं पाहून तारखा पडताळाव्या लागतात आणि जुनी कागदपत्रं मोडी लिपीत असली तर वाचणारा वेगळा शोधावा लागतो. घरच्यांना हे जड जातं. मात्र आगाऊ रक्कम देण्याआधी एक प्रकरण लिहून मागा आणि ते ज्यांचं आहे त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. ‘हे मी बोललोच नाही’ असं ते म्हणाले तर दुसरा लेखक बघा. हक्कांचं लेखी करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार असा करार नसेल तर मजकुराचा पहिला मालक सहसा लिहिणाराच ठरतो आणि हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. पुस्तकाची ओळख सांगणारा आयएसबीएन क्रमांक भारतात विनाशुल्क मिळतो, त्याचे वेगळे पैसे कुणी लावत असेल तर कशाचे ते विचारा. मुलाखतींचं मूळ रेकॉर्डिंग तुम्हाला परत मिळेल, हेही करारातच घाला.