अर्धांगवायूनंतर घरी वापरलेले विजेचे यंत्र : सात महिन्यांचा अनुभव

अण्णांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, त्याला सात महिने झाले. परभणी जिल्ह्यातील आमच्या भागात अशा रुग्णाला पारव्याचे गरम रक्त चोळायला नेणारे लोक आजही आहेत. आम्हीही अण्णांना आधी तिकडेच नेले आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन ज्या साडेचार तासांत द्यावे लागते, ते तास तिथेच संपले. त्याची खंत अजून जात नाही. म्हणूनच फिजिओथेरपिस्टने स्नायूंना विजेची संवेदना देणारे, बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र सुचवले, तेव्हा ते आणण्यापूर्वी मी या उपचाराचा इतिहासही वाचून काढला.

हा उपचार नवा नाही. जिनिव्हाच्या जाँ जालाबेर यांनी एका कुलूप बनवणाऱ्या कारागिराच्या लुळ्या हातावर केलेले विजेचे प्रयोग १७४८ मध्ये प्रसिद्ध केले. बेंजामिन फ्रँकलिन हेही काचेच्या मोठ्या बरण्यांत साठवलेली वीज अर्धांगाच्या रुग्णांच्या अवयवांतून दिवसातून तीन वेळा सोडत असत. मात्र पाचव्या दिवसानंतर सुधारणा थांबते आणि कायमचा गुण कोणालाही आलेला दिसला नाही, असे त्यांनी १७५७ च्या पत्रात प्रांजळपणे लिहिले. सुरुवातीचा फरक रुग्ण रोज त्यांच्या घरापर्यंत येत, त्या व्यायामाने किंवा बरे होण्याच्या आशेनेही पडला असावा, अशी शंकाही त्यांनी नोंदवली.

आमचा अनुभव या शंकेशी फार जुळतो. कोपराखाली पॅड लावून यंत्र सुरू केले की लोंबणारा पंजा वर उचलला जातो, पण अण्णा नुसते पडून राहिले, त्या पहिल्या महिन्यात काहीच फरक दिसला नाही. पंजा उचलला जात असतानाच त्यांनी स्वतःही जोर लावायचा आणि लगेच पेला धरायचा, असा क्रम ठेवल्यापासून बोटे हलू लागली.

भारनियमनातही यंत्र चालते, ही मोठी सोय आहे. पॅड मात्र उन्हाळ्यात घामाने लवकर सुटतात, त्यामुळे जादा जोड सोबतच घ्यावा. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत आहे, हा गंभीर दोष आहे, कारण पेसमेकर बसवलेल्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्र लावू नये, ही सूचना त्यातच दडलेली आहे.

अण्णा आता ज्वारीची भाकरी उजव्या हाताने मोडतात. घास मात्र अजून डाव्या हातानेच घेतात.