सर्दीची गोळी की सिरप? दूध न पचणाऱ्यांसाठी

दूध पचत नसेल तर हळदीचं दूध बाद. मग गोळी की सिरप? गोळीत भर म्हणून बऱ्याचदा लॅक्टोज, म्हणजे दुधातली तीच न पचणारी साखर, घालतात. पाकिटावर बारीक अक्षरात नुसतं ‘एक्सिपियंट्स’ (औषधाशिवायचे इतर घटक) असतं, नेमकं काय ते शोधत बसा! पण लॅक्टोजचं प्रमाण सहसा ग्रॅमभरही नसतं. कपभर दुधात ते १० ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे बहुतेकांचं पोट तक्रार करत नाही. शुगर-फ्री सिरप वाटतं तितकं गरीब नाही: त्यात गोडीसाठी घातलेल्या सॉर्बिटॉलने हळव्या पोटाला गॅस, जुलाब होऊ शकतात. मी गोळीच घेईन. दुधाची ॲलर्जी असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको. आणि दोन्ही एकदम तर नकोच, पॅरासिटामॉल दोन्हींत असू शकतं.